बाई, ‘हॅव’ अर्धंच राहिलं

बाई,

सेलूच्या मुलींच्या शाळेत आठवीला तुमच्यापुढं बसलेल्या आम्हा सगळ्याजणींची तुमच्यावर एक तक्रार आहे. ती मांडायचं काम त्यांनी माझ्यावर टाकलं आहे, कारण गर्दीपुढं उभं राहून तक्रारी मांडणं हाच माझा आयुष्यभराचा धंदा झाला. तक्रार अशी, की तुम्ही ‘हॅव’ अर्धं शिकवून गेलात. दिवाळीची सुट्टी संपवून आम्ही वर्गात आलो तर खुर्चीत दुसरेच सर. तुमची बदली झाली होती. ‘हॅव’चं एक काम अजून राहिलंय, सुट्टीनंतर सांगते, असं म्हणून तुम्ही फळा पुसला होता, आणि ते काम राहिलं ते राहिलंच. आज आमच्यातली एक साड्यांचं दुकान चालवते, एक सरपंच होऊन उतरली, दोघी तर गेल्यासुद्धा. उरलेल्यांची नातवंडं चुरुचुरु इंग्रजी बोलतात. पण आम्ही कधी एकत्र जमलो की कोणीतरी हटकून म्हणतेच, “बाईनं ते हॅवचं राहिलेलं सांगितलं असतं तर आज आपण कलेक्टर असतो गं.” सगळ्या हसतात. हसून झालं की एकजण पुन्हा विचारतेच, “काय असेल गं ते?”

आज लिहायला बसले त्याला कारण तुमचा भाचा. लातूरहून त्याचा फोन आला. तुम्हाला जाऊन वीस वर्षं उलटली, तरी दरवर्षी तुमच्या तिथीला तो मला फोन करतो, तसाच असेल म्हणून मी उचलला.

“ताई, मानवतच्या आमच्या लिंगायत स्मशानभूमीला कुंपण घालायलेत. ज्यांच्या जागेवर ओटा हाय, दगड हाय, त्या जागा राहतील. बाकीची जमीन सपाट करणारेत. आत्याच्या जागेवर तर नुसता मातीचा उंचवटा. तोबी पावसानं बसलाय.”

“मग दगड बसवा की.”

“त्याच्यासाठीच फोन केला. दगडवाला ठरवलाय. वर आत्याचं नाव, खाली शिक्षिका. पर त्याच्या खाली काय टाकू? सगळ्यांच्या दगडावर मुलाचं, सुनेचं, नातवाचं नाव हाय. आत्याला तर कोणी नव्हतं. माझं टाकलं तर लोक म्हणतील, भाचा आत्याच्या घरासाठी मिरवायलाय. तुमी भाषणं करता ताई, एक ओळ द्या की.”

भाचा चांगला माणूस आहे. त्याच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. नवरा लग्नानंतर लवकरच गेला, पोटी मूल नाही, त्या बाईबद्दल जग जे म्हणतं तेच तो म्हणाला. पण “आत्याला कोणी नव्हतं” हे वाक्य माझ्या कानातून जाईना. मोर्चात लाठी खाल्लेली बाई मी, आणि एका साध्या वाक्यानं घायाळ झाले. कारण बाई, मराठीतलं ‘हॅव’ ते हेच आहे. तुम्हीच शिकवलंत. आणि आता ते तुमच्याच दगडापाशी नकाराचं होऊन उभं आहे.

मला तो तास आठवतो. शेजारच्या जिनिंगमधून कापसाचे बारीक तंतू उडत यायचे आणि खिडकीच्या गजांना चिकटून बसायचे. तुम्ही फळ्यावर ‘हॅव’ लिहिता, पदराला हात पुसता आणि वळता.

“सांगा, ह्याचा अर्थ काय?”

“असणे!” अख्खा वर्ग.

“आणि ‘इज’चा?”

“असणे!”

“दोन्हीचा असणे? मग इंग्रजाला दोन शब्द कशाला लागले? फुकटात आले होते काय?”

मग मागून कोणीतरी भीत भीत म्हणते, “जवळ असणे, बाई.” तुम्ही मान डोलावता आणि नेमकं मला उभं करता. घरी काय काय आहे ते इंग्रजीत सांग म्हणता. घरी दोन म्हशी आहेत. त्याहून मोठी दौलत मला ठाऊक नाही. मी छाती काढून सांगते, “माय नियर टू बफेलो इज.”

तुम्ही हसत नाही. गंभीर चेहऱ्यानं म्हणता, “म्हशी तुझ्या जवळ आहेत एवढं कळलं. पण कोणाच्या आहेत ते नाही कळलं. जवळ तर कोंडवाड्यातल्याबी असतील.”

त्या दिवसापासून माझं नाव ‘नियर’ पडलं. साड्यांच्या दुकानवाली अजून फोनवर “काय गं नियरे” म्हणूनच सुरुवात करते. त्या क्षणी मात्र मला रडू फुटत होतं, आणि ते बघून तुम्ही जे सांगितलंत ते दुसरी कोणती इंग्रजीची शिक्षिका सांगती असं मला वाटत नाही. तुम्ही स्वतः लहानपणी निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेल्या. तुमच्यापर्यंत इंग्रजी आलं तेच उर्दूच्या दारातून. “अगं, आमच्या मास्टरांनी शिकवलं होतं, हॅव म्हणजे ‘पास होना’. मी भर वर्गात म्हणाले होते, ‘माय पास वन पेन इज.’ तू नियर तर मी पास. बस खाली.” वर्ग हसला, पण आता दोघींना मिळून हसला. शिक्षकानं आपली चूक विद्यार्थ्याच्या चुकीशेजारी आणून बसवावी, याहून मोठी माया मला नंतर फार कमी ठिकाणी भेटली.

मग तुम्ही फळ्यावर मराठी वाक्यं लिहिलीत. मला भाऊ आहे. माझ्याकडं घड्याळ आहे. मला ताप आहे. तिच्या अंगात हिंमत आहे. आमचं शेत आहे. “बघा,” तुम्ही म्हणालात, “ह्या सगळ्यांना इंग्रज एकच शिक्का मारतो, हॅव. आपल्याकडं तसं क्रियापदच नाही. आपल्याकडं नुस्तं ‘आहे’ आहे. ‘मला भाऊ आहे’, ह्या वाक्याचा धनी कोण?”

“मी,” आम्ही म्हणालो.

“चूक. धनी भाऊ. असणारा तो. तू नुस्ती ‘ला’ लावून बाजूला उभी आहेस.”

बाई, मी पुढं पुष्कळ वाचलं. अरबीत असं क्रियापद नाही, आयर्लंडच्या जुन्या भाषेत नाही, जगातल्या कितीतरी भाषांचं त्यावाचून काही अडत नाही, हे मला पुस्तकांतून कळलं तेव्हा मी ग्रंथालयात एकटीच हसले. आठवीतच कळलेलं पुस्तकातून पुन्हा भेटत होतं. आज मी सभांमधून मराठी शाळांसाठी भांडते, तेव्हा टाय बांधलेल्या पोराचा एखादा बाप उठून विचारतो, “ताई, जिच्यात साध्या ‘हॅव’ला शब्द नाही त्या भाषेत पोरगं शिकवून काय मिळवायचं?” मी त्याला सांगते, शब्द नाही, कारण ती भाषा माणसावर कब्जा सांगत नाही. तुझं पोरगं तुझ्या खिशात नाही रे बाबा, ते तुला आहे. लोक टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या माझ्या नाहीत हे मला माहीत असतं. मी मराठीसाठी गळा काढते तो एका इंग्रजीच्या बाईनं घडवलेला गळा आहे.

पण तुमच्या ह्याच शिकवणीनं मला एकदा दुखवलं होतं, तेही आज सांगते. शाळा तपासायला साहेब आले होते. मोठे हेडसर घामाघूम होऊन दारात उभे. साहेबांनी रुबाबात इंग्रजीतून विचारलं, “हाऊ मेनी गर्ल्स डू यू हॅव?” तुम्ही म्हणालात, “देअर आर थर्टी फोर गर्ल्स, सर.” साहेबांना वाटलं, बाईंना प्रश्न कळला नाही. त्यांनी ‘हॅव’वर जोर देऊन पुन्हा विचारलं. तुम्ही तितक्याच शांतपणे पुन्हा, “देअर आर थर्टी फोर, सर.” साहेब हेडसरांकडं बघून हसले. आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या बाईला ‘आय हॅव’ म्हणता येईना! तास सुटल्यावर मी तुमच्या मागं धावत आले.

“बाई, ‘आय हॅव’ का नाही म्हणालात? त्यांना वाटलं तुम्हाला येत न्हाई.”

“वाटू दे.”

“पर का?”

“पोरी माझ्या कशा गं? शाळेच्याबी नाहीत. पोरी आहेत. असू दे त्यांना.”

तुम्ही चालू लागलात. मी व्हरांड्यात उभी. तुम्हाला कळलं नसेल, पण मला त्या दिवशी ‘आय हॅव’ ऐकायचं होतं. चौतिसात एक होऊन का होईना, साहेबासमोर, इंग्रजीत, तुमच्या तोंडून, मी तुमची आहे असं ऐकायचं होतं. घरी आम्ही बहिणी-बहिणीच, “अजून एक पोरगी” म्हणून माझी मोजदाद झालेली. मी कोणाची आहे, हे कोणी अभिमानानं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. आणि ज्यांच्याकडून ऐकायचं त्या बाईनं व्याकरण काढलं. तत्त्व तुमचं खरं होतं, आज मी तेच जगाला ओरडून सांगते. पण तेरा-चौदा वर्षांच्या पोरीला तत्त्व पांघरून ऊब येत नाही, बाई.

त्याच वर्षी दसऱ्याच्या सुमारास, कापसाच्या पहिल्या वेचणीच्या दिवसांत मी तुमच्याकडं रजा मागायला आले. नुकतंच ‘हॅव टू’ शिकवलं होतं, म्हणून ऐटीत म्हणाले, “बाई, आय हॅव टू गो. उद्यापासून येत न्हाई.”

तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. “‘हॅव टू’मध्ये पहिला शब्द कोणता?”

“हॅव.”

“म्हणजे ज्याच्याकडं काहीतरी आहे, त्यालाच काहीतरी करावं लागतं. तुझ्याकडं काय आहे म्हणून तुला जावं लागायलंय?”

मी विचार केला. “आई हाय, बाई. तिला एकटीला वेचणी उरकत न्हाई.”

तुम्ही कितीतरी वेळ काही बोललाच नाहीत. मग म्हणालात, “जा. आईला सांग, बाईनं विचारलंय.” तुम्ही हरलात असं तेव्हा वाटून मला आनंद झाला होता. तुमच्या त्या गप्प बसण्यात काय होतं, ते मला माझी आई गेल्यावर समजलं. ती गेल्यावर मला कुठंच जावं लागेना.

दहा दिवसांनी मात्र तुम्ही मला सोडलं नाही. परभणीला वक्तृत्वाची स्पर्धा होती. तुम्ही माझं नाव दिलं होतं, आणि जायच्या आदल्या दिवशी मी घसा धरून तुमच्यापुढं उभी राहिले. “आय हॅव टू स्टे, बाई. घसा बसलाय.”

“घसा तर चांगला वाजायलाय. खरं काय आहे तुझ्याकडं?”

मी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरू लागले. “भीती.”

“आहे ना? मग झालं. ज्याच्याकडं भीतीबी नाही तो बोलून काय बोलणार? ती घेऊन जा. आणि उद्या मला कारणं सांगायची नाहीत, सांगितलीस तर वर्गात बसू देणार नाही.”

तुमच्याकडून खाल्लेला तेवढा एकच जबर दम. मी गेले. पहिलं वाक्य विसरले, दुसऱ्याला आवाज फुटला, आणि नंतर मला बसवायला लोकांना घंटा वाजवावी लागली. आजही व्यासपीठावर चढताना ती भीती माझ्याबरोबर चढते. कोणी विचारलं, “ताई, इतकी वर्षं बोलता, आता काय भीती?” तर मी सांगते, “ती आहे म्हणून तर मी आहे.” त्यांना तो अलंकार वाटतो.

आणि मग दिवाळीनंतर तुम्ही नव्हता. तुमची बदली पोखर्णीकडच्या शाळेत झाली होती. आम्ही चौघींनी घरी सांगितलं, पोखर्णीच्या नरसिंहाच्या दर्शनाला जातो. देवाचं नाव काढल्यावर कोण अडवतं? एसटीतून उतरून विचारत विचारत तुमच्या खोलीवर पोचलो. तुम्ही दारात तांदूळ निवडत बसला होता. आम्हाला बघून उठलात, आणि पहिलाच प्रश्न केलात:

“दर्शन झालं?”

आम्ही एकमेकींकडं बघितलं. “न्हाई बाई, तुमच्याकडंच आलो.”

“घरी काय सांगून आलात?”

“दर्शनाला म्हणून.”

“मग आधी देवाला जा. खोटं सांगून आलात ना, ते खरं करून या. चहा तोवर होतो.”

आम्ही पळत देवळात गेलो, धापा टाकत हात जोडले आणि पळत परत आलो. ते स्वयंपाकघर मला अजून दिसतं. एका कोनाड्यात तुमच्या पूजेची विभूती, चुलीवर भाकरी, तुमच्या गळ्यात दोऱ्यातलं लिंग, आणि बसायला पोती. तुम्ही प्रत्येकीपुढं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी ठेवलीत आणि साहेबी थाटात म्हणालात, “हॅव समथिंग, गर्ल्स.” साड्यांच्या दुकानवाली म्हणाली, “बाई, हॅव म्हणजे खाणंबी असतंय?” तुम्ही म्हणालात, “असतंय. पोटात गेलं की कोणी परत काढून घेत नाही. तेवढीच खरी मालकी.” तेवढ्यात तुमच्या घरमालकीणबाई डोकावल्या. “काय बाई, सेलूच्या पोरी इथवर? तुमाला कोणी न्हाई म्हणून जगाच्या लेकी गोळा करता व्हय?” त्यांनी ते हसत म्हटलं. तुम्हीही हसलात. भाकरी उलटलीत.

निघताना मी म्हणाले, “बाई, ते हॅवचं राहिलेलं काम सांगा ना.”

“ते आता नव्या सरांचं. त्यांच्या वर्गात मी हात घालणार नाही. त्यांना विचारा.”

नव्या सरांना विचारलं. त्यांनी सांगितलं, “हॅव अधिक क्रियापदाचं तिसरं रूप. पूर्ण वर्तमानकाळ. घोका.” आम्ही घोकलं. आय हॅव गॉन, आय हॅव सीन, आय हॅव ईटन. पास झालो. पण जेवलेल्या माणसाच्या वाक्यात ‘हॅव’ काय करतंय, हे काही कळलं नाही. ते माझं मलाच फोडावं लागलं, पुष्कळ उशिरा. बाई, मला वाटतं इंग्रज झालेली गोष्ट सोडून देत नाही. जेवला, तर जेवलेलं जवळ बाळगतो. बघितलं, तर बघितलेलं जवळ. आणि ‘आय हॅव लॉस्ट’ म्हणतो तेव्हा तर हरवलेलंच त्याच्याजवळ असतं! आयुष्यभर त्या भाषेशी भांडले, पण ह्या एका ठिकाणी तिला हात जोडले. मग लक्षात आलं, आपणही तेच करतो, फक्त आपल्या पद्धतीनं. ‘मी जेवले आहे.’ त्यांचं ‘हॅव’ बसतं तिथं आपलं ‘आहे’ बसतं. ते धरून ठेवतात, आपण असू देतो. हेच सांगणार होता ना तुम्ही? का दुसरंच काही? कोणाला विचारू? मी माझ्या परीनं गणित सोडवलं आहे, पण उत्तर ताडून बघायला पुस्तकाचं शेवटचं पान नाही.

आणखी एक गोष्ट त्यातूनच सुचली. कोणी बाहेर गेलं असलं की आपण म्हणतो, “बाई गेल्या आहेत.” म्हणजे येतील. मेलेल्या माणसाला मात्र आपण नुसतं “गेल्या” म्हणतो. ‘आहेत’ काढून घेतो. तुम्ही गेलात त्या दिवशी लोक मला विचारत होते, “बाई गेल्या?” आणि मी प्रत्येकाला सांगत होते, “हो, गेल्या आहेत.” लोकांना वाटलं, बोलण्यातली सवय.

परभणीच्या दवाखान्यातली ती दुपार आता. तुम्ही निवृत्त होऊन मानवतला राहायला आलात तेव्हापासून आपलं जाणं-येणं होतंच. भाचा लातूरहून निघाला होता, गाडीत होता. खोलीत मी एकटी. तुमचे डोळे मिटलेले. नर्सबाई आत आल्या, सलाईन बघितलं आणि मला विचारलं, “तुम्ही यांच्या कोण?”

“विद्यार्थिनी.”

“तसं नाही. घरचं कोणी आहे का यांना?”

हजारो लोकांपुढं न अडखळणारी मी, एका नर्सपुढं मला शब्द सापडेना. कोण म्हणून सांगू? ज्या बाईनं सरकारी साहेबापुढंसुद्धा मला आपली म्हटलं नाही, तिची मी कोण? तेवढ्यात डोळे न उघडता तुम्ही म्हणालात:

“आहेत.”

नर्सबाईंनी मागं वळून दाराकडं बघितलं. “कुठं आहेत?” तुम्ही पुढं बोलला नाहीत. पुन्हा बोललाच नाहीत. भाचा आला तेव्हा फक्त हात हलवलात, आणि दुसऱ्या दिवशी मानवतला तुमच्या लोकांच्या रीतीप्रमाणं तुम्हाला बसतं करून मातीत ठेवलं.

तो एक शब्द मी वीस वर्षं उलटासुलटा करून बघते आहे. ‘आहे’ म्हणाला असतात तर मी एकटी. खोलीत दुसरं होतं कोण? पण तुम्ही ‘आहेत’ म्हणालात, आणि अखेरच्या क्षणीसुद्धा तुमचं व्याकरण चुकेल हे मी मानायला तयार नाही. मला तुम्ही कधी अहो-जाहो केलं नाही, म्हणजे ते आदराचंही नव्हे. मग ते अनेकवचन कोणाचं? भाचा धरून? आम्ही चौतीस? त्यानंतरच्या, त्याआधीच्या, पोखर्णीच्या सगळ्या? असतील. पोरी आहेत. असू दे त्यांना.

म्हणून मी भाच्याला ओळ दिली. वर तुमचं नाव. खाली: ‘यांना आम्ही आहोत.’ आणि त्याखाली एकच शब्द, ‘विद्यार्थिनी’.

तो म्हणाला, “ताई, ओळ झकास हाय. पर ‘आहोत’ कसं? आत्या तर गेली. ‘होतो’ पायजे.”

“‘होतो’ लिहिलं तर आपण मेलो, आत्या नव्हे.”

“ते बी खरं.” तो हसला. “पर दगडवाला म्हणायलाय, असं कोणी लिहीत न्हाई.”

“त्याला म्हणावं, कोणी लिहीत नाही म्हणून तर लिहायचं.”

“आणि कोणी विचारलं, आम्ही म्हणजे कोण, तर?”

“तर सांगा, मोजून बघा. सेलूपासून सुरुवात करा.”

मैत्रिणींना ओळ वाचून दाखवली. साड्यांच्या दुकानवाली फोनवर म्हणाली, “नियरे, लय चांगलं केलंस. दगड बसवतील त्या दिवशी आम्ही सगळ्या यायलोत. तेव्हा तरी तू भाषण करू नको.” भाषण करणार नाही म्हणून कबूल केलं आहे.

आता जे भाच्याला सांगितलं नाही, मैत्रिणींना सांगितलं नाही, ते तुम्हाला सांगते. हे पत्र मी कुठल्या पेटीत टाकणार नाही, म्हणून सांगायला हरकत नाही. आयुष्यभर मी व्यासपीठावरून ‘आम्ही’ म्हणत आले. आम्ही मागतो, आम्ही हटणार नाही, आम्ही आहोत. ‘मी’ म्हणायची वेळ माझ्यावर कोणी आणली नाही आणि मीही आणली नाही. पण दगडाची ओळ लिहायला घेतली तेव्हा कागदावर पहिल्यांदा उतरलं ते ‘यांना मी आहे’. मग मीच ते कापलं आणि वर ‘आम्ही’ लिहिलं. तत्त्वानं तेच बरोबर. तुमच्या ‘आहेत’मध्ये मी एकटी बसत नाही, हे मला पक्कं समजतं. तरी मला ‘मी’ हवं आहे, बाई. अजून हवं आहे.

दगडवाला सोमवारी सकाळी छिन्नी लावणार आहे. त्याच्या आत एकदा सांगून जा: ‘आम्ही’ राहू देऊ, का ‘मी’ करू?